टेके काढण्याचा अधिकार

मी, शेवंताबाई वना भंगाळे, वय ७३, धंदा बांधकाम ठेकेदारी, राहणार सावदा, ता. रावेर, जि. जळगाव, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाची भीड न ठेवता हे मृत्युपत्र करते. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझा मुलगा हितेंद्र वर्षभर "आईचं डोकं फिरलंय" असं गावभर सांगतो, म्हणून दाखला मुद्दाम दोन डॉक्टरांकडून घेतला.

१. राहतं घर, मागचा प्लॉट आणि बँकेतली ठेव हितेंद्रला. तो एकुलता एक आहे, इंजिनिअर आहे आणि माझा त्याच्यावर जीव आहे. हे शेवटचं वाक्य वकिलांनी खोडायला सांगितलं. मी खोडणार नाही.

२. सेंट्रिंगच्या सहाशे लोखंडी प्लेटा, त्यांच्या खालचे टेके, दोन मिक्सर, व्हायब्रेटर आणि धंद्याचं नाव, हे सगळं माझी सून सुलक्षणा हिला, एकटीला. हितेंद्रने हे सामान विकायला गिऱ्हाईक बघून ठेवलं आहे. त्या गिऱ्हाइकाने आता दुसरं दार बघावं.

कारण लिहिते, म्हणजे उद्या कोर्टात कोणी तर्क लढवत बसायला नको. गेल्या वर्षी पौषात सावद्यातच एका बंगल्याच्या हॉलचा स्लॅब टाकला. हॉल मोठा, थंडी कडक. चौदा दिवस टेके हलवायचे नाहीत, अशी सुलक्षणाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल खूण केली होती. तेवढ्यात दीपनगरच्या कामाला प्लेटा कमी पडल्या. हितेंद्रच्या लॅपटॉपमध्ये सावद्याच्या प्लेटा 'रिकाम्या' दिसत होत्या. भाड्याने दुसऱ्या आणाव्या लागू नयेत म्हणून त्याने आठव्या दिवशी टेके काढायला लावले. आमचा सोनगीरचा सेंट्रिंगवाला प्रेमराज ओरडत राहिला, "भाऊ, स्लॅब आजून कच्चा शे!" त्याचं कोण ऐकतो? सुलक्षणा तिथे पाणी मारायला गेली होती, तिने मला फोन केला. मी पोचेपर्यंत स्लॅब मधोमध लचकला होता. माणूस दगावला नाही, ही देवाची कृपा.

अरे बाबा, स्लॅब उचलून धरलेली प्लेट रिकामी कशी?

हितेंद्र म्हणाला, "आई, प्लास्टरमध्ये झाकून टाकू." मी स्लॅब फोडला आणि पदरचं घालून पुन्हा टाकला. त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं म्हणे. फिरलं तर फिरलं! पुन्हा तसं झालं तर पुन्हा फोडीन. सुलक्षणाही त्याला रिकामीच दिसते, कारण ती घरात असते आणि पगार मागत नाही. बारा वर्षं कोणती प्लेट कुठे, कधी लागणार, कधी निघणार, हे तिने ठरवलं, म्हणून हा धंदा उभा आहे.

३. यापुढे टेके कधी काढायचे हे फक्त सुलक्षणा सांगेल. हितेंद्रने नकाशे काढावेत, त्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

४. यांचा ओळंबा यांचे थोरले भाऊ, माझे जेठ निंबानाना यांना. हे गेले तेव्हा नाना चार माणसांत म्हणाले होते, "बाई स्लॅबवर चढली की काम नासतं." नाना, मी एकवीस वर्षं चढले. त्यातली एक भिंत कलती निघाली तर दाखवा, ओळंबा लावून बघा.

५. साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकील म्हणतात. म्हणून प्रेमराजला यांची मोटारसायकल कालच देऊन टाकली. आता कोणी काय करायचं ते करा.

६. मी मरेन त्या दिवशी कुठे स्लॅब चालू असेल तर मिक्सर बंद करायचा नाही. अर्ध्यात सोडलेला स्लॅब जोडावर जन्मभर गळतो. स्लॅबच्या दिवशी माणसांना आपण वरण-बट्टी घालतो, ती सुतकाचं निमित्त सांगून चुकवू नये. शेजारणीकडे रांधून घ्यावी. सुलक्षणाने मालाची शेवटची पाटी पडेपर्यंत जागा सोडू नये. "सासू मेली तरी सून आली नाही" असं कोणी बोललं, तर हा कागद त्याला मोठ्याने वाचून दाखवावा. ती येईपर्यंत मला उचलायचं नाही. ओला माल थांबत नाही, मी थांबेन.

वाचून पाहिलं, बरोबर आहे, सही माझ्याच हाताची आहे.

शेवंताबाई वना भंगाळे

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
१. प्रेमराज दगा माळी, सोनगीर, ता. धुळे
२. प्रमिलाबाई समाधान कोल्हे, शेजारीण, सावदा

ठिकाण: सावदा
तारीख: ११ फेब्रुवारी २०२५