कल्हईवाला

८ फेब्रुवारी १९५९, रविवार

शी! काय बोलून गेले मी आज!

विश्वेश्वरमामांनी आणलेलं स्थळ — प्रतापराव आणि त्यांच्या आई जमनाबाई मला बघायला आले होते. आज भट्टी पेटवू नका, म्हणून अण्णांना सकाळीच विनवलं होतं. "सरी, सरी," असं कानडीत 'बरं, बरं' म्हणाले. पण तांब्याचा रंग पालटतोय असं वाटलं की त्यांना राहवतंय कुठे! जमनाबाई हात धुवायला मागच्या अंगणात गेल्या, तर समोर अण्णा — फाटका बनियन, कोपरापर्यंत काजळी.

"हे कोण?"

"कल्हईवाला," मी म्हटलं, माझ्याच वडिलांना. वडील बेळगावला गेलेत, हेही मीच सांगितलं. मामा खाली बघत बसले.

अण्णांनी ऐकलं होतं. उठून हात जोडले. "नमस्कार, अम्मा."

आई गेल्यापासून तांब्याचं सोनं करू बघतायत, होत नाही. मी एका शब्दात सोन्याचं तांबं केलं.

९ फेब्रुवारी

अण्णांनी नेहमीसारखं जवळ बसवून जेवू घातलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

११ फेब्रुवारी

जमनाबाईंनी दोन पातेली पाठवलीत! "तुमच्या कल्हईवाल्याकडून करून घ्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णा मात्र हसले, कथील आणि नवसागर घेऊन आले, दिवसभर भट्टीपुढे बसले. बोट भाजून घेतलं.

"राजी, इकडे ये स्वल्प. बघ!"

पातेलं लखलखत होतं. मला वर बघवेना.

"अण्णा, राग नाही आला माझा?"

"पूर्वी फार यायचा. तुझ्या आईनं सोसलाय तो. सोनं काही हाती लागलं नाही, पण इथे बसून बसून राग तेवढा जळून गेला."

मला ती भट्टी म्हणजे नुसतं वेड वाटायचं. शेजारणी हसल्या की मीही हसायचे.

१४ फेब्रुवारी

पातेली घेऊन मीच गेले. उंबऱ्यातच सांगून टाकलं — ते माझे वडील आहेत. जमनाबाई पातेली घेऊन आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

घरी येऊन अण्णांना मात्र सांगवलं नाही.

१७ फेब्रुवारी

नकार. मामांनी निरोप जसाच्या तसा सांगितला — "बापाला बाप न म्हणणारी उद्या आम्हाला काय म्हणेल?"

अण्णा पटकन म्हणाले, "मीच तिला तसं सांग म्हटलं होतं. लाज मला वाटत होती."

धडधडीत खोटं! माझ्यासाठी!

मामांनी लगेच चपला घातल्या. "असं होय! मग मी आत्ता जाऊन समजावतो त्यांना."

मी दारात आडवी झाले.

"नको मामा. अण्णा खोटं बोलतायत. जमनाबाईंचं खरं आहे."