पुढे काय झालं?

रविवार, ९ मार्च

प्रिय दादास,

तुला नमस्कार, वहिनीला नमस्कार आणि तिला एक विनंती: वहिनी, चहा झाल्यावरच वाचायला घे आणि मध्ये स्वतःचं काही घालू नकोस. आम्ही इकडे ठणठणीत. बाबांचा गुडघा आणि त्याबद्दलची कुरकुर, दोन्ही जागच्या जागी.

बातमी अशी की खोली वाचली. आमच्या संस्थेची ती रेकॉर्डिंगची खोली, जिथे आम्ही अंध सभासदांसाठी पुस्तकं वाचून ठेवतो. "ऐकतंय कोण?" म्हणत चिटणीस तिथे मोडक्या खुर्च्या ठेवायला निघाले होते. संस्थेचं फेसबुक पेज माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी कंबर कसली. रोज एक देखणं पोस्टर. निळं आभाळ, त्यावर वळणदार अक्षरात पुस्तकाचं नाव. पण तिकडे कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

शेवटी हॉस्पिटलातल्या टेलिफोन ऑपरेटर बाईंचा फोन आला. त्या जन्मापासून अंध, आमच्या जुन्या सभासद. म्हणाल्या, "अहो, माझा मोबाईल पडद्यावरचं वाचून दाखवतो, पण तुमचं पेज उघडलं की नुसतं बोलतो, 'चित्र'. दुसऱ्या दिवशी परत 'चित्र'. आमच्यासाठी प्रदर्शन भरवलंय का?"

दादा, धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पोस्टरं, आणि अख्ख्या संस्थेत एकाच्याही डोक्यात आलं नाही. चिटणीसांनी तर निळ्या रंगाचं कौतुक केलं होतं.

त्या दिवसापासून चित्रं बंद, फक्त आवाज. गोष्ट वाचायची आणि ऐन मोक्याला थांबायचं. कडी वाजते, बाई दाराकडे जाते, आणि मी गप्प. मग एवढंच विचारायचं, "पुढे काय झालं? बोलून पाठवा."

लोक असे काही बोलले म्हणतोस! ऑपरेटर बाईंनी दारात पोलीस उभा केला, एका मालिशवाल्यांनी पळून गेलेला नवरा परत आणला, एका आजोबांनी तर गाणंच म्हटलं. नवऱ्याला घरात घ्यावं की नाही यावरून कडाक्याची भांडणं झाली. डोळस माणसंही ऐकायला लागली. आता वाचायला लोक रांग लावतात आणि चिटणीस सांगत फिरतात की कल्पना त्यांचीच होती. फिरू देत.

त्यातच एक बिननावाचा आवाज आला. आधी दोनदा खाकरला, मग सावकाश म्हणाला, "दारात कोणीच नव्हतं. बाई मात्र दार उघडं ठेवूनच जेवायला बसली." भांडणं तिथेच मिटली. तेव्हापासून जो तो विचारतोय, हे गृहस्थ कोण?

मी कोणाला सांगितलेलं नाही. पण गोष्ट सांगण्याआधी दोनदा खाकरणारा माणूस मी जन्मात एकच पाहिलाय.

म्हणजे तू ऐकतोस. मी फोन केला की तू झोपलेला असतोस, पण ऐकतोस. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. आपण सगळे अजून 'चष्म्याचा नंबर वाढलाय' असंच म्हणतोय. डॉक्टर काय म्हणाले ते वहिनीने मला केव्हाच सांगितलंय. तिच्यावर रागावू नकोस. तू शाळेतली नोकरी सोडलीस, मित्र सोडलेस, मागच्या खोलीत दार लावून बसलास, हे मला बघवत नाही. लिहून टाकलं एकदाचं. वहिनी, थांबू नकोस, वाच पुढे.

लोकांना तो आवाज हवाय. अख्खं पुस्तक हवंय. तू म्हणशील, वाचू कसा? शाळेच्या नाटकात मी वाक्यं विसरायचे, तू विंगेतून पुटपुटायचास आणि टाळ्या मी खायचे. आता मी तुझ्या शेजारी पुस्तक घेऊन बसते. मी पुटपुटेन, तू बोल. टाळ्या तुझ्या.

गुरुवारी सकाळी गाडी घेऊन येते. मागच्या खोलीची कडी वाजवीन. पुढे काय झालं, ते या खेपेला तूच सांगायचंस.

विंगेत उभी असलेली,
तुझी टिटवी