झाडाला बांधलेले चिकू

४ डिसें.
नरपडच्या आमच्या चिकूच्या वाडीत आजपासून सिनेमाचं शूटिंग. आधी हसवणारा, मग रडवणारा, कौटुंबिक वगैरे. नायक एके काळी विनोदाचा बादशहा. हल्ली केसांच्या तेलाची जाहिरात करतो, टोप घालून. त्याची आई झालेली बाई त्याच्याहून लहान. मालिकेत वर्षानुवर्षं सून म्हणून रडली, त्या पुण्याईवर बढती.
आणि आमचा मेहुणा रमाकांत, सौ.चा भाऊ. तलासरीला मास्तरकी, हौशी नाटकांत जन्मभर हवालदार. त्याला सिनेमात वाडीचा राखणदार मिळालाय. वाक्य एक. सौ.नं पेढे वाटले. राखणदाराला हवी म्हणून माझी काठी गेली.

५ डिसें.
रमाकांत आरशासमोर. "साहेब, चिकू गोड आहे का?" एकदा करुण, एकदा वीररसात. म्हटलं, अरे राखणदार आहेस, सरसेनापती नव्हेस.
"हसा, भावोजी. एकदा पडद्यावर दिसलो की मरायला मोकळा."
चहा मागितला.

६ डिसें.
उद्या नायक झाडावरचा चिकू तोडून खाणार आणि बालपण आठवून गहिवरणार. झाडावरचा! आमच्याकडे शेंबडं पोरही खात नाही. कडक उतरवायचा, धुवायचा, पिकू द्यायचा, मग तोंडाला लावायचा. दिग्दर्शकाला सांगितलं. "काका, इमोशन बघा ना." शेवटी बाजारातले पिकलेले चिकू आणून दोऱ्यानं फांदीला बांधले. लगडलेल्या झाडाला!

७ डिसें.
नायकानं गहिवरून हात वर केला आणि नेमका झाडाचाच तोडला. कचकन चावला. चीक! ओठाला ओठ चिकटला. डोळ्यांत पाणी, इतक्या वर्षांतला पहिला खरा अभिनय. संवाद फुटेना. कॅमेरा चालूच.
रमाकांत काठी टेकत पुढे. "साहेब, चिकू गोड आहे का?" मग हळूच, "असू दे. आमच्याकडं गोडवा लगेच हाती लागत नाय."
हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. युनिट लोटपोट. सौ. कुंपणाशी डोळे पुसत होती. मी... धूळ फार होती.
गाडीत बसताना नायक दिग्दर्शकाला: "तो म्हातारा दिसला तर माझं डबिंग विसर."

१९ मार्च
रमाकांतला न सांगता दिग्दर्शकाला फोन. "कमाल टेक आहे, काका. पण पिक्चर सरांच्या नावावर विकतो ना." कुणाला? त्या नावावर तेलसुद्धा खपत नाही.

११ एप्रिल
ट्रेलर आला. चिकू आहे, चिकटलेले ओठ आहेत. राखणदार नाही, कडेला नुसती काठी. म्हणजे पदार्पण माझ्या काठीचं झालं.
रमाकांत पुन्हा पुन्हा बघतोय. "पण काठी धरलेला हात माझाच, भावोजी. पिक्चरमध्ये पुढचं असेल."
असेल, म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

१८ एप्रिल
आज प्रदर्शित. सौ.नं अख्ख्या गोतावळ्याची तिकिटं काढलीत, बोईसरला. असला भिकार चित्रपट मी बघणार नाही, असं जाहीर केलं.
"मग तुमचं तिकीट कुणाला देऊ?"
"राहू दे."
गाडी दारात आहे. रमाकांत कोरा शर्ट घालून पुढं बसलाय, काठीसकट. थिएटरात काठी नेऊ देणार नाहीत म्हटलं.
"बाहेर आल्यावर लोक फोटो मागतील, भावोजी. तोवर तुम्ही धरा."
धरलीय.