गावकीचा टोप

बाबा, यंदाचा तांब्याचा भाव ऐकला असता तर तुम्ही मला वेड्यातच काढलं असतं. वर्षभर तो चढत राहिला. गणपतीच्या दिवसांत जरा थबकला, दिवाळीनंतर पुन्हा उसळला, शिमग्यापर्यंत खाली आलाच नाही. कथीलही महागलं, त्यामुळे कल्हईचं आता कुणी विचारत नाही. जस्ताबरोबर पत्राही चढला. तुमच्या वेळी भाव मुंबईच्या व्यापाऱ्याच्या पोस्टकार्डातून यायचा. आता विलायतेत ठरतो आणि उजाडायच्या आत माझ्या फोनवर येऊन बसतो. आपल्या पेणच्या दुकानात नवं भांडं घ्यायला कमी आणि जुनं मोडीत द्यायला जास्त माणसं येतात.

चैत्रात रोह्याकडून एक टेम्पो आला. कुंडलिकेकाठच्या त्या गावचा, जिथे लग्नसराईआधी तुम्ही दरवर्षी कल्हईला जायचात. टेम्पोत गावकीचा तो भाताचा मोठा तांब्याचा टोप होता, दोन माणसांनी कानाला धरून उचलायचा. बरोबर तीन-चार गावकरी आणि तुम्हाला गूळ घातलेला कोरा चहा देणारी ती म्हातारी. आता पार वाकलीय.

"जेवणवाले आपली भांडी आणतात, याला कोण इचारतो?" एकजण म्हणाला. "आमच्या सगल्यांच्या लग्नाचा भात यातच शिजला हाय."

"माज्या लग्नाचा करपला व्हता," म्हातारी म्हणाली. "तुज्या आज्याने ढवळला व्हता, बिडी वढीत!"

सगळे हसले. मी हसू आवरून विचारलं, एवढी घाई कशाला? तर स्मशानावर छप्पर घालायचंय, पावसाआधी. थांबलं तर तांब्याला जास्त मिळेल, पण पत्राही चढेल.

"मागच्या श्रावणात माज्या म्हाताऱ्याला ताडपत्री धरून जाळला," ती म्हणाली. "दोनदा इझला. आता माजी पाळी. मना नाय भिजायचा."

मी म्हटलं, "मावशी, पैसे आजच्या भावाने देतो, टोप मोडत नाही. राहू दे दुकानात."

"नको रं बाबा. ठेवलास तर बाजाराला आले की बघाया येन. मोड. माज्यासमोर मोड."

तुमची रीत मी सोडलेली नाही. अन्न शिजलेलं भांडं रिकामं मोडायचं नाही. आत मूठभर तांदूळ घालायचे, हात जोडायचे, ते पाखरांना टाकायचे आणि मगच घण उचलायचा. मी तांदळाच्या डब्याकडे वळलो तर ती म्हणाली, "थांब." आणि तिने पदराची गाठ सोडली. तिच्या शेतातले तांदूळ होते. "तुजा बाप असाच मोडायचा. म्हाईत हाय मना."

टोपाच्या तळाला तुमच्या हातची कल्हई अजून शिल्लक होती. तांदूळ त्यावर पडले. मी हात जोडले, तिनेही जोडले, मग ते पाखरांना टाकले. पहिला घाव तिरका बसला. काठ जाड होता, वाकायला वेळ लागत होता, आणि मला वाटत होतं की तिने तोंड फिरवावं. तिने फिरवलं नाही. टोप चपटा होऊन काट्यावर चढेपर्यंत ती उभी राहिली. मग डोक्यावरचा पदर सारखा करून टेम्पोत पुढे जाऊन बसली.

छप्पर झालं म्हणतात. मी बघायला गेलो नाही. हे सगळं तुम्हाला का लिहितोय, मलाच नीट कळत नाही. हा कागद कुठे धाडायचा नाही हे लिहायला बसलो तेव्हाच ठाऊक होतं.

तरी एक सांगतो. देवाला फूल वाहायच्या आधी भाव बघायची सवय मला यंदाच लागली. आज सकाळी बघितलं तर तांबं बरंच उतरलेलं. मला इतकं बरं वाटलं, बाबा! मनात आलं, आता ते लोक थांबतील, टोप वाचेल. मग आठवलं, आणि फूल तसंच हातात राहिलं.