मागे घेतलेली सही

ता. ४ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरतो, म्हणून तुमच्या गाळ उपसणाऱ्या ड्रेजरवर भाजीपाला नेणाऱ्या बोटीबरोबर हे पत्र. तुझी लेक मजेत आहे. तिची वेणी मी घालतो. बाईंनी काल तिला विचारलं म्हणे, ही वेणी आहे की दोरखंडाची गाठ?

चॅनलमधला गाळ उपसून झाला आणि सतरा तारखेला गॅसचं मोठं जहाज येणार, असं कळलं. पायलट म्हणून ते आत आणायला चिरंजीवच जाणार आहेत. तीस वर्षं मीही हेच केलं. दुसऱ्या वळणावर, तरंगत्या लाल बोयाच्या आतल्या अंगाला, भरलेलं जहाज जड व्हायचं. वेग गळायचा, सुकाणू उशिरा ऐकायचं. पोटाखाली पाणी कमी असलं की जहाज असंच वागतं. मी तिथून कायम बाहेरच्या अंगाने जायचो.

हे चिरंजीवांना सांगितलं, तर म्हणाले, नकाशात तिथे पुरेसं पाणी आहे आणि नकाशावर तुमच्या सुनेची सही आहे. त्यावर मी जे बोललो ते जरा जास्तच झालं. आठ दिवस आमचं बोलणं मीठ दे, पाणी दे एवढंच.

एकदा बघशील का? काही नसेल तर म्हातारा भ्रमला म्हणून सोडून दे.

लोभ आहे तो तसाच राहू दे.
तुझा,
बाबा

ता. ८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

खरं सांगते, पत्र वाचून आधी राग आला. खोलीची मोजणी मी स्वतः केली होती. मग वही उघडली. नांगराने तास घालावेत तशी बोट आम्ही पन्नास पन्नास मीटरवर उभ्या ओळींत चालवली होती. दोन ओळींच्या मधलं यंत्राला दिसत नाही. तो भाग नकाशा अंदाजाने भरतो, तुम्ही फोनवर भरता तसा.

मी कप्तानांकडे मोजणीची बोट मागितली. ते म्हणाले, लोकांच्या बॅगा भरून झाल्यात, आणि सासऱ्यांना स्वप्न पडलं म्हणून बोट देऊ? मी म्हटलं, स्वप्न नाही, तीस वर्षांचा अनुभव आहे. अर्धा दिवस द्या.

बाबा, तिथे खडकाची धार आहे. चाळीस मीटर लांब, नकाशातल्या तळापेक्षा दीड मीटर उंच. नकाशाच्या हिशेबानेही त्या जहाजाच्या पोटाखाली तिथे जेमतेम मीटरभर पाणी सुटणार होतं. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

चॅनल सुरक्षित असल्याच्या दाखल्यावरची सही मी मागे घेत असल्याचं बंदर कार्यालयाला लगेच लिहून दिलं. साहेबांनी विचारलं, चूक कोणाची? माझी, म्हटलं. कप्तानांनी कागद दोनदा वाचला, एक शिवी हासडली आणि ड्रेजर वळवला. सगळ्यांच्या रजा गेल्या. स्वयंपाकी माझ्याशी बोलत नाही. वाढतो मात्र पोटभर.

वेणीला तेल लावून मग विंचरा. माया असू द्यावी.
आपली,
सून

ता. १५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

खडक फुटला. ड्रेजरच्या फिरत्या डोक्याचे चौदा दात मोडले, दोनदा काम थांबवून नवे बसवले. काल मी ते वळण उभं आणि आडवं, दहा दहा मीटरवर मोजलं. आता तिथे खरंच पाणी आहे. आज सकाळी नव्याने सही केली. जहाज ठरल्या दिवशी येईल.

ह्यांना वेगळं लिहिलंय, की खडक तुमच्या बाबांनी शोधला, मी फक्त मोजला. आता मीठ-पाण्यापलीकडे बोलायला हरकत नसावी. मोठे तुम्ही, सुरुवात तुम्ही करा.

आशीर्वाद हवेतच.
आपली,
सून

ता. १८ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

काल नातीला घेऊन धक्क्याच्या टोकावर गेलो होतो. जहाज दुसऱ्या वळणावर आलं तेव्हा मी फक्त त्याच्या मागचं पाणी बघत होतो. तळ ढवळून ते गढूळ झालं नाही. शहाण्या बैलासारखं वळलं आणि सरळ आत आलं. नातीने विचारलं, आजोबा, तुम्ही श्वास का रोखलाय?

सुरुवात मी करणार होतो, पण चिरंजीवांनी संधी दिली नाही. संध्याकाळी घरी आले, बूट काढले, चहा घेतला. मग नवा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, माझ्या हातात पेन्सिल दिली आणि म्हणाले, आणखी कुठे कुठे जहाज जड व्हायचं ते दाखवा. जेवण निवून गेलं तरी आम्ही बसलो होतो.

नऊ ठिकाणी खुणा केल्यात. त्यातली आठ माझे भासही असतील. खरं असलेलं नववं कुठलं ते मात्र मलाही सांगता येत नाही, तेव्हा नऊच्या नऊ मोजावी लागतील. कप्तानांना एवढ्यात सांगू नकोस. आधी त्यांना रजेवर जाऊ दे.

घर तुझी वाट बघतंय. लोभ वाढता आहे, हे वेगळं काय सांगू.
तुझा,
बाबा