ज्याने पत्राखाली नाव घातलं नाही

मास्तर,

एकशे चौदा देव्हारे, नऊ पाळणे, बदलापूरच्या एका मंगल कार्यालयाचा आठ फुटी दरवाजा आणि त्यावरचे दोन्ही मोर, शिरगावातल्या तीन सोसायट्यांची गणपतीची मखरं, आणि अंबरनाथच्या शिवमंदिराची दीड फुटी प्रतिकृती, जिच्यासाठी मी तीन रविवार उन्हात उभा राहून भिंतीचे कोन मोजले. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. सागवान नाहीतर शिवण, प्लायवूड कुठेही नाही. प्रत्येकाच्या मागच्या बाजूला, तळापासून दोन बोटं वर, माझं पूर्ण नाव कोरलेलं आहे.

उल्हासनगरात ज्या शेठच्या दुकानात माझा माल लागतो, त्यांनी काचेवर पाटी लावलीय, 'बिनगुरूचा कारागीर'. शेठ म्हणतात, "साईं, माल तो सब बेचते हैं. बिना उस्ताद का कारीगर किसके पास है?" मी ती पाटी कधी काढायला सांगितली नाही. गेल्या महिन्यात अंबरनाथला चार कारागिरांचा सत्कार झाला, त्यात मीही होतो. माईक हातात आल्यावर मी म्हणालो, "मला कोणी शिकवलं नाही. लाकडानेच शिकवलं." टाळ्या पडल्या. घरी येईपर्यंत शाल अंगावर होती.

तुम्हाला 'मास्तर' असं मी आज पहिल्यांदा लिहितोय. फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, जिथे आपण ओतकामासाठी लाकडाचे नमुने करायचो, तिथे झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळे तुम्हाला मास्तर म्हणायचे. मी एकटा 'अंकल' म्हणायचो. तुम्हाला ती माया वाटली असेल. माया नव्हती. तुम्हाला मास्तर म्हटलं असतं तर मी विद्यार्थी ठरलो असतो, आणि ते मला बाविसाव्या वर्षीसुद्धा परवडत नव्हतं.

विठ्ठलवाडीच्या चाळीतलं तुमचं स्वयंपाकघर मला अजून इंचाइंचाने आठवतं. रविवार आहे, तुम्ही चर्चमधून आलाय, शर्टाच्या बाह्या दुमडून सुरमईच्या तुकड्यांना मीठ लावताय. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी, समोर शिवणीचा ठोकळा. कागदावर तुम्ही पेन्सिलने एक माणूस काढून दिलाय, गळ्यात जहाजाचा नांगर बांधलेला. हा कोण, असं मी विचारतो.

"क्लेमेंट. रोमचा पोप, पीटरनंतरचा तिसरा. राजाने याला लांब समुद्राकाठी दगडाच्या खाणीत पाठवला. तिथे कैदी तहानेने मरत होते, याने पाण्याची जागा दाखवली. लोक याला मानायला लागले, तर राजाच्या माणसांनी गळ्यात नांगर बांधून समुद्रात बुडवला."

"हे खरं आहे, अंकल?"

"खाणीचं आणि नांगराचं लोकांनी दोन-तीनशे वर्षांनी लिहिलं. पक्का पुरावा नाही. पत्र मात्र आहे. कोरिंथ म्हणून शहर होतं, तिथल्या ख्रिस्ती मंडळीत तरण्याताठ्या पोरांनी म्हाताऱ्यांना बाजूला सारलं. म्हाताऱ्यांची चूक काही नव्हती. याने भलं लांबलचक पत्र लिहिलं, त्यांचा मान त्यांना परत द्या म्हणून. आणि गंमत बघ, पत्रात स्वतःचं नाव कुठेच नाही. रोमच्या मंडळीकडून, एवढंच."

"मग ते याचंच कशावरून?"

"ज्यांना कळायचं त्यांना कळलं. काम ओळखू येतं रे."

मी ऐकत होतो, पण माझं लक्ष कागदावर होतं. पोप, आणि डोकं उघडं? एका कॅलेंडरवर मी पोपचा तीन मजली मुकुट पाहिला होता. मला वाटलं, तुम्ही विसरलात. पुढच्या रविवारपर्यंत मी मुकुट कोरून आणला, एकेक मजला मोजून. तुम्ही मूर्ती हातात फिरवून बघितली.

"हा मुकुट फार पुढच्या काळातला. शिवाय डोक्यावर हे घेऊन दगड कोण फोडतं? काढ."

काढला. पण मुकुटापायी मी कपाळाला जागाच ठेवली नव्हती. डोकं बोटभर लहान राहिलं, आणि लाकूड एकदा गेलं की परत जोडता येत नाही. माझे कान तापले होते. तुम्ही हसलात. "राहू दे. संताचं डोकं लहान असलं तरी चालतं. तुझं आहे तेवढं मोठं, दोघांत पुरेल!" आणि तो बारक्या डोक्याचा क्लेमेंट तुम्ही गॅसच्या वरच्या फळीवर ठेवलात. चारचौघांना दिसेल असा. त्याचा राग मी कितीतरी वर्षं धरला.

मी नोकरी सोडली तेव्हा तुम्ही तुमची अर्धगोल पटाशी मला दिलीत. पॅटर्न शॉपची रीत होती, तापल्या तारेने मुठीवर आपली दोन अक्षरं जाळायची, म्हणजे हत्यार कोणाचं ते कळावं. तुमची दोन अक्षरं त्या मुठीवर होती. मी ती पॉलिशपेपरने घासून काढली. आधी ऐंशी नंबर, मग एकशे वीस, मग दोनशे वीस, वरून जवसाचं तेल. काही राहिलं नाही. वर सांगितलेलं सगळं त्या पटाशीने झालंय.

गेल्या रविवारी तुमची मुलगी वर्कशॉपमध्ये आली. पत्ता तिने शेठच्या दुकानातून घेतला होता, म्हणजे पाटी वाचलीच असणार. पिशवीतून क्लेमेंट काढला. "दादा, नांगराचा एक दात तुटलाय. बाबांनी हा कोणाला हात लावू दिला नसता, म्हणून तुमच्याकडेच आणला."

मी दात बसवला. फोडणीच्या धुराने काळी झालेली मूर्ती पुसायला उलटी केली, तर तळाशी तारेने जाळलेली दोन अक्षरं. तुमची असतील असं वाटलं. माझी होती. ज्या मूर्तीवर मी लाजेने नाव घातलं नव्हतं, तिच्यावर तुम्ही घातलंत. स्वतःचं नाही.

"किती द्यायचे, दादा?" तिने विचारलं. मी नकारार्थी मान हलवली आणि क्लेमेंट तिच्या पिशवीत ठेवला. तिच्यासमोर रडण्याचा हक्क मला नव्हता.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. पटाशीच्या डब्यात ठेवीन. पाटी अजून काचेवर आहे. शेठना सांगायला दोनदा गेलो, चहा पिऊन परत आलो.

आणि एक गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. शेवटच्या आजारात तुम्ही मला बदलापूरला मुलीच्या घरी बोलावून घेतलंत. म्हणालात, इथल्या चर्चसाठी एक क्लेमेंट कर, तीन फुटी, उघड्या डोक्याचा. खाली दोघांची अक्षरं घाल, नाहीतर कोणाचीच नको. आणि उशाखालच्या रुमालाची गाठ सोडून मजुरीचे पैसे माझ्यापुढे मोजलेत. मी म्हणालो, "अंकल, मी दुसऱ्याच्या नावाबरोबर काम करत नाही." तुम्ही "बरं" म्हणालात, आणि रुमालाची गाठ परत बांधलीत. त्यात चार हजार दोनशे रुपये होते.