तुमच्या माळावरची झाडं

गुरुजी, तुमच्या माळावर आता सावली आहे. लोक कौतुकाने दाखवतात आणि मला तिथून पळून जावंसं वाटतं.

सातवीत असताना शाळेतून मिळालेलं कडुलिंबाचं रोप मी माळावर लावलं आणि शाबासकीसाठी तुम्हाला ओढत तिकडे नेलं. तुम्ही म्हणालात, "उपट ते. आदी बघ, हितं कोण ऱ्हातं." मी रडवेला झालो. तुम्ही मला उन्हात शेजारी पालथं पडायला लावलंत. थोड्या वेळाने मातीच्याच रंगाचा एक पक्षी तुरुतुरु धावतो, थांबतो, वाकतो, पुन्हा धावतो. धाविक. उघड्या जमिनीवर त्याची दोन अंडी, खड्यांसारखी. तुम्ही काठीने मातीत डोंगर काढलात आणि समजावलंत. ढग कोयनेकडेच रिते होतात, आपल्याकडे उरलासुरला पाऊस येतो, त्यावर गवत तेवढं उगवतं, आणि असल्या खुरट्या गवतातच हा जगतो. त्याला चहूकडे मोकळं दिसावं लागतं. झाड आलं की कावळ्याला बसायला जागा होते, मग अंडं उरत नाही. माझं रोप तुम्ही फेकलं नाहीत, तुमच्या आणि काकूंच्या घरामागे लावलंत. ते अजून आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी आपल्याच शाळेत शिकवत होतो. राख नदीत न सोडता खड्ड्यात घालून वर झाड लावायचं, अशी आपल्याकडे आता रीत पडली आहे, आणि रीत चांगलीच आहे. जागा कुठली, म्हटल्यावर सगळे एकदम म्हणाले, गुरुजींचा आवडता माळ! मधल्या वडाच्या खड्ड्यात काकूंनी स्वतः राख घातली. पुढे गावात कोणीही गेलं की माळावर खड्डा. टँकरचं पाणी घालून आम्ही झाडं जगवली आणि धाविक गेले. जाणार तरी कुठे? आसपासच्या माळांवर कालव्याच्या पाण्याने ऊस उभा राहिलाय. आता उत्तरेचा एक तुकडा उघडा उरलाय आणि तिथे यंदा एकच जोडी आहे. शाळा सुटली की मी तिथे जाऊन कावळ्यांना दगड मारत बसतो. पोरं हसतात. किती कावळे हाकलू, गुरुजी?

काल ठरवलं, काकूंना सगळं सांगायचं. त्यांचा शब्द गाव मोडत नाही. त्या वडाखाली बसून तुमच्याशी बोलत होत्या, "आवं, लय ऊन हाय आज. तुमचं बरं हाय सावलीत." मला पाहून त्यांनी उत्तरेकडे बोट दाखवलं. "मी गेल्यावर माझं झाड तितं लाव. तितनं ह्यांचा वड दिसतोय. खड्डा तूच खण रं बाळा. खणशील न्हवं?"

मी हो म्हणालो.

हे पत्र वडाच्या बुंध्याशी पुरावं असं मनात होतं, पण तिथे काकू बसलेल्या असतात. म्हणून ते माझ्याकडेच राहील. एकच सांगायचं राहिलं. राखेच्या दिवशी पहिली कुदळ माझ्या हातात दिली, तेव्हा तुमचं "उपट ते" मला स्पष्ट आठवलं होतं. सगळे रडत होते. मी खणायला लागलो.